कपडेवाला

आमच्या झाडीत धान घरात यायला लागलं की नाटकाचे दिवस सुरू होतात. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, आणि मंडईच्या रात्री नाटक. पुढं शंकरपट. दिवसा बैलं धावणार आणि रात्री नाटक. मधली काही वर्षं पटावर बंदी होती, तेव्हा बैलं गोठ्यात राहिली, पण नाटक काही चुकलं नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या जंगलपट्ट्याला आम्ही झाडी म्हणतो. इथं रात्री दहा-साडेदहाला उघडलेला पडदा कोंबडं आरवल्यावर पडतो. वडसा, म्हणजे सरकारी कागदावरचं देसाईगंज, हे या सगळ्या कारभाराचं ठाणं. सीझनच्या तोंडावर तिथं जाऊन पाहा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाटक कंपन्यांचे फलक, आत टेबलाशी बसलेले मालक आणि समोर तारीख मागायला आलेली गावकरी मंडळी. एका गावाला शनिवार पाहिजे, दुसऱ्यालाही शनिवारच पाहिजे, आणि नटीही दोघांना तीच पाहिजे.

नाटकाचं हँडबिल आमच्याकडं सायकलवरून, मग मोटारसायकलवरून आणि आता मोबाइलवरून येतं. लहानपणी मी ती गोळा करायचो. गुलाबी, पिवळी, पोपटी, हात लावला की रंग बोटांना लागायचा. त्यावर नावांची नुसती गर्दी. लेखक, दिग्दर्शक, नट, नट्या, विनोदी नट वेगळ्या चौकटीत, नृत्यांगना त्याहून मोठ्या चौकटीत. ऑर्गनवाला, तबलेवाला. गावचे सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, मंडळाचे अध्यक्ष. खाली नेपथ्य, प्रकाश, ध्वनी. आणि अगदी शेवटच्या ओळीत वेशभूषा व रंगभूषा, त्यापुढं वडशातल्या ड्रेपरीच्या दुकानाचं नाव.

त्या दुकानाच्या नावामागं माझे मामाजी होते.

ड्रेपरी म्हणजे काय ते शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. अंगरखे, शेले, टोप, दाढीमिशा, कट्यारी, मोजड्या, इन्स्पेक्टरचा ड्रेस, डॉक्टरचा कोट, विधवेचं लुगडं हे सगळं भाड्यानं देणारं दुकान. पण नुसते कपडे देऊन भागत नाही. ते घेऊन रात्रभर गावात बसणारा, नटांना चढवणारा, उतरवणारा, फाटलं तर तिथंच टाका घालणारा आणि सकाळी सगळं मोजून पेटाऱ्यात भरणारा माणूस लागतो. त्याला आमच्याकडं कपडेवाला म्हणतात. तोच तोंड रंगवतो. मामाजी सतरा-अठरा वर्षांचे असताना एका दुकानात लागले, आणि ते दुकान बापाकडून मुलाकडं गेलं तरी मामाजी तिथंच राहिले.

त्यांच्या पेटीला एक वास होता. सफेदा, पिवडी, हिंगूळ, खोबरेल तेल, काजळ आणि मिशी चिकटवायचा स्पिरिट गम. पुढं पॅनकेकच्या डब्या आल्या, तरी जुन्या पुड्या त्यांनी फेकल्या नाहीत. डिसेंबरात आमच्याकडं थंडी अशी पडते की गम बाटलीतच घट्ट होतो. मामाजी ती बाटली काखेत धरून बसत. राजाचा अंगरखा शेगडीवर धरून ऊन करत आणि मगच नटाच्या अंगावर घालत. मी एकदा विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाले, "शिकवाचं काय त्यात? थंडा कपडा आंगावर पडला का मानूस शहारते. शहारला का पाठांतर जाते."

नाटक आमच्या गावाला असलं की मला रंगपटात बसायची मुभा असे. रंगपट म्हणजे बांबूला बांधलेल्या ताडपत्र्या, खाली तणस, वर एक दिवा. समोर हजारो माणसं घोंगडी पांघरून बसलेली आणि इकडं पडद्यामागं विडी ओढत बसलेला औरंगजेब. मी पुढून नाटक फार कमी पाहिलं. बहुतेक नाटकं मी पाठीमागून पाहिली, मामाजींच्या पेटीवर बसून. त्यामुळं मला गोष्ट कमी कळायची आणि माणसं जास्त दिसायची.

मामाजींचा एक नट होता. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांच्या घरची माणसं आहेत. सगळी झाडी त्यांना मास्तर म्हणायची. आवाज असा की लाऊडस्पीकर बंद पडला तरी शेवटच्या बैलगाडीपर्यंत पोचायचा. कंपन्या बदलल्या तरी मास्तर अट घालत, कपडेवाला हाच पाहिजे. अठ्ठावीस सीझन ही जोडी टिकली. जीपच्या मागच्या बाकावर मास्तर मामाजींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपायचे. मामाजींनी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही, आणि मास्तरांनी मामाजींना "ए" याशिवाय दुसरी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

२०२० साली करोनानं सीझन बुडाला. मार्चमध्ये उरलेल्या तारखा गेल्या, आणि दिवाळी जवळ आली तरी वडशाची कार्यालयं उघडली नाहीत. नट धान कापायला गेले. मी नागपूरची नोकरी घरून करायची म्हणून बिऱ्हाड घेऊन गावी आलो होतो. माझी लेक पुण्याला नाटक शिकत होती, तीही घरीच. सप्टेंबरात तिनं एक बातमी वाचून दाखवली, रोनाल्ड हारवूड नावाचे इंग्रज नाटककार वारले. तिला त्यांचं एक नाटक अभ्यासाला होतं, ‘द ड्रेसर’. ड्रेसर म्हणजे काय, मी विचारलं. ती म्हणाली, "बाबा, म्हणजे मामाआजोबा."

हे हारवूड जन्मले दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनला, १९३४ साली. सतराव्या वर्षी नट व्हायला इंग्लंडात आले. तिथं सर डोनाल्ड वुल्फिट या मोठ्या नटाच्या फिरत्या कंपनीत शिरले आणि काही वर्षं त्यांचे ड्रेसर झाले. गावोगाव फिरून शेक्सपिअर करणारा, सगळी कंपनी आपल्या एकट्याच्या छातीवर ओढणारा हा नट. त्याचं चरित्रही हारवूडनी पुढं लिहिलं. ‘द ड्रेसर’ १९८० साली मँचेस्टरला रंगभूमीवर आलं. त्यातला म्हातारा नट म्हणजे वुल्फिट नव्हे, असं ते सांगत. पण अंगरखा चढवताना हाताला लागलेला घाम काही कल्पनेनं लिहिता येत नाही, असं माझं मत आहे.

त्याचा मोठ्या पडद्यावरचा सिनेमा १९८३ मध्ये झाला. अल्बर्ट फिनी नट, आणि रंगभूमीवर ड्रेसरचं काम करणारा टॉम कोर्टने सिनेमातही ड्रेसर. मग २०१५ मध्ये बीबीसीनं टीव्हीसाठी पुन्हा चित्रपट केला, दिग्दर्शक रिचर्ड आयर. त्यात नट झाला अँथनी हॉपकिन्स आणि ड्रेसर झाला इयान मॅकेलन. दोघंही खरोखर लिअर राजाचं काम केलेले, हॉपकिन्स १९८६ मध्ये आणि मॅकेलन २००७ मध्ये. म्हणजे दोन लिअर एका खोलीत, आणि त्यातला एक दुसऱ्याची चोळणा-बंडी सांभाळतोय. लेकीकडं हा टीव्हीचा चित्रपट पेनड्राइव्हवर होता. तिनं मामाजींना बोलावून आणलं. छपरीत खाटेवर लॅपटॉप ठेवला, आणि आम्ही तिघं समोर चटईवर बसलो.

गोष्ट साधी आहे. १९४२ साल, महायुद्ध चालू, इंग्लंडातलं एक लहान गाव. तरणी पोरं लढाईवर गेलेली, म्हणून कंपनीत म्हातारे आणि अधू तेवढे उरलेत. रात्री ‘किंग लिअर’ लागलंय. ज्याच्या जिवावर कंपनी चालते त्या नटाला सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. तो त्या दिवशी भर रस्त्यात कपडे फाडत, रडत फिरलाय, त्याला दवाखान्यात नेलंय. खेळ रद्द करावा असं सगळ्यांचं म्हणणं. एकटा नॉर्मन, त्याचा ड्रेसर, म्हणतो की नाही, ते उभे राहतील. आणि मग तो नॉर्मन त्या मोडलेल्या माणसाला आरशासमोर बसवून, गोंजारून, चिडवून, खोटं बोलून, पहिली ओळ आठवून देऊन राजा बनवतो आणि विंगेपर्यंत नेतो.

लेक सुरुवातीला प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होती. दहा मिनिटांनी मामाजी म्हणाले, "राहू दे माय. समजते."

त्यांना पहिल्यांदा एक गोष्ट पटली नाही. हॉपकिन्स आरशात बघून स्वतःच तोंड रंगवत होता. "हा आपल्या हातानं लावून राह्यला, मंग हा दुसरा कायच्यासाठी?" त्यांनी विचारलं. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "हं. हा त्याले उभं कराले हाये."

एका जागी तो म्हातारा भलताच रंग फासायला लागतो. ऑथेल्लोचा काळा रंग. आज लिअर आहे हेच विसरलेला. लेक म्हणाली, आजोबा, बघा. मामाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग सांगितलं. एका गावी पोचायला उशीर झाला, मास्तर झोपेतून उठले आणि कोणाला न विचारता पेटाऱ्यातली औरंगजेबाची पांढरी दाढी लावून बसले. त्या रात्री सामाजिक नाटक होतं. मास्तर डेप्युटी कलेक्टर. "मी काही बोललो नाई. बोललो असतो तर बिघडले असते. म्हटलं, मास्तर, दाढी जरा तिरपी लागली, काढून नीट लावतो. काढली, आन् कोट घातला." लेकीनं चित्रपट थांबवला होता. ती वहीत लिहून घेत होती. मामाजींना ते पाहून संकोच वाटला असावा, म्हणाले, लाव आता पुढं.

वादळाचा प्रसंग आला. लिअर राजा रानात वादळात सापडतो, हे पुढं रंगमंचावर. आपल्याला मात्र मागची बाजू दिसते. पत्र्याची मोठी चादर गदागदा हलवून गडगडाट काढताहेत, नगाऱ्यावर काठ्या पडताहेत, वारा काढायचं यंत्र फिरवताहेत, हाताला लागेल तो माणूस वादळाला जुंपलाय. "हा तं आमचाच पत्रा हाये," मामाजी उठूनच बसले. आणि तो म्हातारा आत येतो तो ओरडतच, वादळाला जोर नव्हता म्हणून. "मास्तरबी असेच," मामाजी म्हणाले. तसंच शेवटी लिअरला मेलेल्या मुलीला उचलून आणायचं असतं, म्हणून म्हाताऱ्याला मुलीचं काम करणारी नटी वजनानं हलकी पाहिजे असते. हे लेकीनं जरा लाजत सांगितलं. मामाजींना त्यात काही विशेष वाटलं नाही. "बरोबरच हाये. प्रेत उचलाचा सीन असला का मास्तर पयले विचारत, आज पोरगी कोन हाये."

मी तो १९८३ चा सिनेमाही नंतर पाहिला. चांगला आहे. त्यात म्हातारा नट स्टेशनवर सुटलेल्या आगगाडीला थांब म्हणून गर्जतो आणि गाडी थांबते, तो प्रसंग तर विसरण्यासारखा नाही. पण तिथं सिनेमा बाहेर पडतो, स्टेशनवर, रस्त्यावर. टीव्हीचा चित्रपट बहुतेक सगळा थिएटरच्या आतच राहतो. खोली, जिना, विंग, पुन्हा खोली. कॅमेरा माणसाच्या बोटांजवळ जाऊन बसतो. मला हाच जास्त आवडला. एक तर टीव्ही म्हणजे मुळात खोलीत बसून पाहायची गोष्ट, आणि दुसरं म्हणजे मी लहानपणी जिथं बसत होतो, त्या पेटीवरून दिसतं तसं ते दिसलं.

आपल्याकडं लिअरची आठवण निघाली की ‘नटसम्राट’ आलंच. कुसुमाग्रजांचं १९७० चं नाटक, डॉक्टर लागूंचा बेलवलकर. २०१६ च्या पहिल्याच दिवशी नाना पाटेकरांचा सिनेमा आला, म्हणजे बीबीसीच्या चित्रपटानंतर जेमतेम दोन महिन्यांनी. तिकडं आणि इकडं म्हातारे नट एकाच हंगामात पडद्यावर आले, हा योग गमतीचा. मी ‘नटसम्राट’ पाहून रडलोय, अजूनही रडेन. पण ‘द ड्रेसर’ पाहिल्यावर एक प्रश्न डोक्यात आला, तो आधी कधी आला नव्हता. बेलवलकरांचे कपडे कोण सांभाळत होतं? चाळीस वर्षं तो माणूस ऑथेल्लो झाला, हॅम्लेट झाला, त्याच्या पाठीचे बंद कुणीतरी बांधले असतीलच की. बेलवलकर घरातून बाहेर पडले तेव्हा तो कुठं होता?

चित्रपटाचा शेवट असा. खेळ पार पडतो. म्हातारा राजा होतो, गाजतो आणि खोलीत येऊन कोचावर पडतो. त्यानं आत्मचरित्र लिहायला घेतलंय. फार काही लिहिलेलं नाही, अर्पणपत्रिका तेवढी झालीय. ती तो नॉर्मनला वाचायला देतो. नॉर्मन मोठ्यानं वाचू लागतो. वाचत असतानाच म्हातारा गेलेला असतो. त्या अर्पणपत्रिकेत नटांचे आभार आहेत, प्रेक्षकांचे आहेत, शेक्सपिअरचे आहेत. रंगभूमीचं काम करूनही ज्यांच्या वाट्याला तिचं मोठेपण फारसं येत नाही, अशांचीही आठवण आहे. सुतार, विजेचं काम करणारे, पडदे-देखावे हलवणारे, सामान सांभाळणारे. ड्रेसर नाही.

लेकीनं इथं चित्रपट थांबवून ते सगळं सावकाश मराठीत सांगितलं. खरं तर मी याच जागेची वाट बघत होतो. मामाजींच्या वतीनं माझ्या मनात एक राग होता. मास्तरांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या माणसांनी एक छोटी स्मरणिका छापली होती. चांगल्या कागदावर, फोटो वगैरे. तीत ज्या जीपनं मास्तर हिंडले तिच्या ड्रायव्हरचंसुद्धा नाव होतं. मला वाटलं होतं, मामाजींच्या डोळ्यांत पाणी येईल.

मामाजी म्हणाले, "परत वाच."

लेकीनं परत सांगितलं. मामाजींनी बोटांवर मोजलं. "सुतार. लाइटवाला. पडदेवाला. सामानवाला." मग चौथं बोट धरून थोडा वेळ बसले. म्हणाले, "सामानात धरला असन त्याले."

ते विनोदानं म्हणाले की कसं, मला आजही सांगता येणार नाही. चेहरा जसाच्या तसा होता.

पण त्यांच्या मनात वेगळंच घोळत होतं. लॅपटॉप बंद झाल्यावर, लेक आत गेल्यावर, ते चुन्याची डबी काढून बसले. आणि मग मास्तरांच्या शेवटच्या तीन सीझनबद्दल बोलले. हे त्यांनी आधी कधीच सांगितलं नव्हतं. मास्तरांची आठवण जाऊ लागली होती. आमच्याकडं प्रॉम्प्टर असतोच, पण प्रॉम्प्टरचा शब्द कानावर पडला तरी तो कोणत्या प्रवेशातला, हेच मास्तरांना कळेना. मग मामाजी समोरच्या विंगेत उभे राहत. कानाला हात लावला तर पत्राचा प्रवेश. कमरेला हात लावला तर तलवार काढायची. डोक्यावरचं पागोटं काढलं तर आता बायको मेलीय, रडायचं. छातीत कळ येत होती, तीही मामाजींना ठाऊक होती. अंगरखा घालताना मास्तर डावा हात वर करेनात. मास्तर विंगेत उभे राहून म्हणत, आज नाही होत माझ्याच्यानं. मामाजी म्हणत, मास्तर, गाव बसलं हाये. एवढं ऐकलं की ते जात.

"तिकडंबी तेच ना?" त्यांनी मला विचारलं. तेच होतं. नॉर्मनही थिएटर भरलंय, भरलंय म्हणून सांगत राहतो.

तिसऱ्या सीझनला मास्तर गेले. नाटकात नाही, मार्च महिन्यात घरी, रात्री. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मोठ्या मुलानं मामाजींना सगळ्यांदेखत सुनावलं, तुमच्यापायी बाबा घरी बसले नाहीत. तुम्ही त्यांना उभं करत राहिलात. दुकानाची मजुरी चालू राहावी म्हणून.

"मजुरीचं त्याचं खोटं हाये," मामाजी म्हणाले. "रातीची मजुरी कोनाचेबी कपडे चढवले तरी तेवढीच. पन बाकीचं..." त्यांनी पान तोंडात टाकलं. "ह्या इंग्रजानं थांबवाले पाहिजे होतं का गा त्याले? तुले काय वाटते?"

मी म्हटलं, मामाजी, थांबवलं असतं तर तो खोलीत बसून मेला असता. ते म्हणाले, "मेलाच ना खोलीत." मग आम्ही दोघंही गप्प बसलो. नॉर्मन हा काही साधू नाही. तो खिशातल्या बाटलीतून घोट घेतो, म्हाताऱ्याजवळ दुसरं कुणी फिरकलं तर जळतो, आणि म्हातारा गेल्यावर आता माझं काय होणार म्हणून रडतो. मामाजी पीत नाहीत. बाकीचं त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुढं सीझन पुन्हा सुरू झाले. मामाजींचे गुडघे गेले होते, डोळ्यांना मिशीची जाळी दिसेना. दुकानानं त्यांना काढलं नाही, फक्त बोलावणं कमी झालं. सरकारकडून वृद्ध कलावंतांना मानधन मिळतं. त्याचा अर्ज करू, असं लेकीनं डोक्यात घेतलं. अर्ज भरला. काही आठवड्यांनी एका कार्यालयातून तो परत आला, कलावंत असल्याचा पुरावा जोडावा. आम्ही विचारायला गेलो, तर टेबलावरचा माणूस तसा सभ्य होता. म्हणाला, हँडबिलवर नाव असेल, फोटो असेल, सन्मानपत्र असेल, काहीही चालेल. आणि मग खरोखर कुतूहलानं त्यानं विचारलं, "पण कपडे घालून देणं, ही कला कोणत्या रकान्यात टाकायची?"

माझ्याकडची सगळी हँडबिलं मी काढली. पासष्ट निघाली. पासष्टांपैकी एकावरही मामाजींचं नाव नव्हतं. वेशभूषा व रंगभूषा, पुढं दुकान. फोटो होते, पण फोटो काढायच्या वेळी मामाजी पेटारे भरत असत. एका फोटोत मास्तरांच्या खांद्यामागून एक हात दिसतो, शेला सावरणारा. मामाजी म्हणाले, तो माझा. तो हात कार्यालयात कसा दाखवायचा?

तेव्हा मामाजींनी ट्रंकेतून वह्या काढल्या. वाण्याकडं असतात तशा लांबट, लाल पाठीच्या. दुकानाचा माल हरवू नये म्हणून ठेवलेला हिशेब. तारीख, गाव, नाटक, आणि खाली कोणी काय घातलं त्याची यादी. कुठल्या गावी पाऊस आला आणि शेले भिजले, कुठं टोप उंदरानं कुरतडला, कोणत्या नटीच्या ब्लाउजला नव्या तीन आकड्या लावल्या. पस्तीस वर्षांची झाडी त्या वह्यांत आहे. कुठलं गाव कधी श्रीमंत झालं, कुठं नाटक बंद पडून पुन्हा सुरू झालं, हे त्या अंगरख्यांच्या यादीवरून सांगता येईल. लेक म्हणते, यावर कुणीतरी पीएचडी केली पाहिजे. मी म्हटलं, आधी मानधन होऊ दे.

वडशाला झेरॉक्सच्या दुकानात मी एक एक पान उलटून निवडत होतो. मामाजी बाकावर बसले होते. एका वहीत शेवटून दुसऱ्या पानावर मार्च महिन्याची नोंद आली. नाटकाचं नाव नाही. गावाच्या जागी मास्तरांचं गाव. खाली मामाजींच्या बारीक अक्षरात: मास्तर. धोतर पांढरं, बंडी नवी. टोप नाही. मिशी नाही. हळद, कुंकू घरचं.

मला माहीत नव्हतं. मुलानं सगळ्यांदेखत सुनावलं, त्याच दिवशी मास्तरांच्या बायकोनं आतून निरोप पाठवला होता, की आंघोळ घालून त्यांना कपडे तुम्हीच घाला, दुसऱ्या कुणाचा हात नको. मामाजींनी घातले आणि गुपचूप घरी आले. मग रात्री वहीत लिहिलं.

"हे पान राहू देऊ?" मी विचारलं.

मामाजींनी चष्मा वर करून पाहिलं. म्हणाले, "जोड ना. कामच होतं ते."

एकेचाळीस पानांचे ब्याऐंशी रुपये झाले. मी खिशात हात घातला, तर मामाजींनी मनगट धरलं आणि स्वतःच्या बंडीतून शंभराची नोट काढली. कलाप्रकाराच्या रकान्यात लेकीनं ‘नाट्य (वेशभूषा)’ लिहिलं आहे. अर्ज पुन्हा दिला, पोच मिळाली, अजून उत्तर नाही. परवा फोन केला तर मामाजी घरी नव्हते. मामी म्हणाल्या, मंडईचं नाटक आहे, दुकानातून नवीन पोरगा न्यायला आला होता, त्याला टोप बांधता येत नाही.